वजनकाट्याच्या अलीकडे

मराठीच्या प्राध्यापकाने चिखलीला जायचे, तर ते महापालिकेच्या संतपीठात व्याख्यान द्यायला किंवा इंद्रायणीच्या काठी उभे राहून तुकोबांचे स्मरण करायला, अशी एक सर्वसाधारण समजूत असते. देहू आणि आळंदी यांच्या मधल्या पट्ट्यातले हे गाव. जुनी माणसे त्याला अजून टाळगाव चिखली म्हणतात आणि त्या नावाचे नाते तुकोबांच्या टाळांशी जोडतात. मी तिथे गेले ती जुने ट्रॅक्टर, जुने ट्रक आणि कोणी कोणी घरच्या घरी बनवलेली यंत्रे पाहायला. यंत्रांतले मला काही कळत नाही. तरीही गेले, कारण लोकसाहित्याच्या तासाला एका विद्यार्थ्याने एक वाक्य उच्चारले आणि ते मला सोडवेना.

जात्यावरच्या ओव्यांविषयी बोलणे चालले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या कशा गोळा केल्या, ते मी सांगत होते. जाते बंद पडले आणि ओवी थांबली, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत, तेच मीही सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरचा तो मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, ज्या गिरणीमुळं जातं बंद पडलं, तसली गिरणी आमच्या आजोबांकडं आहे. तीपण आता बंद पडलेलीच होती. त्यांनी ती चालू केली.’’

वर्ग हसला. मला हसू आले नाही. ओवीच्या अभ्यासात गिरणी ही नेहमी क्रियापदासारखी येते: ती आली, तिने थांबवले, संपले. ती गिरणी स्वतः कशी होती, तिचे पुढे काय झाले, तिचाही कोणी वारस उरला की नाही, हा प्रश्न आपल्या विषयाच्या कक्षेत आजवर शिरलेला नाही.

त्या रविवारी त्याच्याबरोबर टेल्कोच्या बाजूने चिखलीत शिरले. कुदळवाडीचा भाग डावीकडे ठेवून जाताना तो मुलगा हाताने दाखवत होता: इथे पत्र्यांची गोदामे होती, इथे बेअरिंगवाले, इथे फक्त ट्रकचे पाटे. आता मोकळी, खरवडलेली जमीन होती. फेब्रुवारी २०२५मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने सलग काही दिवस कारवाई करून इथली चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली. बहुतेक भंगाराची गोदामे, पत्र्याच्या शेडमधले छोटे कारखाने. ती अनधिकृत होती. तिथल्या आगींच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या होत्या, आणि इंद्रायणीवर तरंगणारा फेस पाहिलेल्या कोणालाही त्या वस्तीविषयी भाबडे प्रेम वाटण्याचे कारण नाही. मला ते वाटत नाही. पण पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या साऱ्या पट्ट्यातून जे जे यंत्र म्हातारे होई, ते शेवटी कुदळवाडीत येई. तिथे एक वजनकाटा असे आणि त्या काट्यावर यंत्राचे सगळे पूर्वायुष्य किलोमध्ये मोजले जाई. आमच्या विद्यार्थ्याचे आजोबा, त्यांना घरात आणि गावात सगळे तात्या म्हणतात आणि मीही तेच म्हणेन, गेली पस्तीस-चाळीस वर्षे त्या काट्याच्या अलीकडे उभे राहत आले आहेत. काट्यावर चढण्याआधी एखादी वस्तू ते बाजूला काढतात, भंगाराच्याच भावाने पैसे मोजतात आणि घरी आणतात. संग्रहाची एवढीच पद्धत. ‘व्हिंटेज’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी दिवसभरात एकदाही ऐकला नाही.

तात्यांचे वडील चिखलीतले शेतकरी. गाव १९९७ साली महापालिकेत आले, पण त्याआधीच शेताच्या भोवती कारखाने उभे राहिले होते आणि घरातला मुलगा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागला. पहाटे बैलांना वैरण आणि मग पाळी. या पट्ट्यातल्या एका संपूर्ण पिढीने शेतकरी आणि कामगार अशी दोन आयुष्ये एकाच दिवसात जगून काढली. आपल्या साहित्यात मात्र ग्रामीण आणि कामगार हे दोन वेगळे कप्पे झाले. एकाच माणसाच्या अंगाला सकाळी शेणाचा आणि दुपारी कटिंग ऑइलचा वास येतो, तो माणूस कोणत्या कप्प्यात ठेवायचा, हे आपल्याला ठरवता आलेले नाही. तात्यांच्या शेडमधल्या वस्तू मात्र नेमक्या त्याच माणसाच्या आहेत.

शेड म्हणजे पत्र्याचे लांबलचक छप्पर. पुढच्या बाजूला मोठ्या गाड्या. तारा असलेला एक ट्रक आधी नजरेत भरला. टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, तो करार पंधरा वर्षे चालला आणि १९६९ साली संपला. त्यानंतर जाळीवरचा मर्सिडीजचा तारा जाऊन तिथे ‘टी’ हे अक्षर आले. तात्यांच्या ट्रकवर तारा आहे, पण गाडी ताऱ्याच्या काळातली नाही. मूळ मालकाने कोण्या जुन्या गाडीचा तारा काढून नव्या गाडीला लावला होता. तात्यांनी तो काढला नाही. ‘‘त्यानं हौसेनं लावलाय. मी कोण काढणार?’’ संहिताचिकित्सा शिकवणाऱ्या बाईला हे उत्तर चटकन पटत नाही. प्रक्षेप ओळखावा आणि बाजूला काढावा, असे आमचे शिक्षण. परंतु प्रक्षेप करणाऱ्याची हौस हाही गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे, असे मानणारा संपादक मला पहिल्यांदा भेटत होता.

त्याच्या शेजारी महिंद्राचा इंटरनॅशनल, बी-२७५. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही कंपनी १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून काढली आणि १९७७ साली ती महिंद्रात विलीन झाली. बाकी या ट्रॅक्टरविषयी तात्यांना फार बोलायचे नव्हते. असे ट्रॅक्टर अजून पुष्कळ ठिकाणी चालतात, त्यांचे सुटे भाग मिळतात, ‘‘तो काय मरत नाही’’ एवढेच ते म्हणाले आणि पुढे गेले.

पुढे होता तो टेम्पो. खरा टेम्पो. आपण मराठीत कोणत्याही लहान मालगाडीला टेम्पो म्हणतो, हे मूळ हॅम्बुर्गकडच्या एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव. त्या गाड्या इकडे बनवण्यासाठी बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ साली निघाली, पुढे तिचा कारखाना आकुर्डीला आला आणि २००५ साली तिचे नाव फोर्स मोटर्स झाले. नावातून टेम्पो गेला, भाषेत राहिला. ‘हॅन्सियट’ या तीनचाकीचे इंजिन थेट पुढच्या एकुलत्या चाकावर बसवलेले असते आणि साखळीने तेच चाक फिरवते. नाकाने वाट काढत जाणाऱ्या जनावरासारखी तिची ठेवण. मुळात टेम्पो हा शब्द इटालियन, काळ किंवा वेळ या अर्थाचा, पाश्चात्त्य संगीतात लयीचा वेग सांगणारा. हॅम्बुर्गच्या कोणा कल्पक माणसाने तो गाडीला दिला आणि आकुर्डीमार्गे तो आपल्या मंडईत आला. आज ‘टेम्पो भरून मेथी’ म्हणताना त्यातले संगीत कोणाच्या ध्यानीमनीही नसते. बैलगाडीला रबरी चाके लागली तेव्हा तिलाही लोकांनी टायरच्या कंपनीचे नाव दिले: डनलॉप. तात्यांकडे एक डनलॉपही आहे, ट्रकच्या जुन्या आसावर बसवलेली. परभाषेतले शब्द मराठीवर आक्रमण करतात, अशी तक्रार आपण परिसंवादांत नेहमी ऐकतो. या शेडमध्ये उभे राहिल्यावर चित्र उलटे दिसते. मराठी माणसाने एका कंपनीचे नाव उचलले, तिच्या मालकीतून सोडवले आणि सामान्यनाम करून टाकले. इतका निर्धास्त भाषिक व्यवहार आपल्या परिभाषा कोशांना कधी जमला नाही.

मग गिरणी.

ती मागच्या भिंतीशी होती. दगडी पात्यांची गिरणी आणि तिला लांब पट्ट्याने जोडलेले ऑइल इंजिन, दोन्ही बाजूंना जड चाके असलेले, सावकाश चालणारे. अशी इंजिने एकेकाळी किर्लोस्करवाडीत, साताऱ्याला कूपरच्या कारखान्यात आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनत आणि विहिरीवर, गुऱ्हाळात, गिरणीत बसत. तात्यांनी टाकीत पाणी पाहिले, तेलाच्या वाट्या भरल्या, डिझेलचा पंप हाताने चार वेळा दाबला. माथ्यावरची खिट्टी उचलली. या खिट्टीने झडप उघडी राहते, त्यामुळे आतली हवा दाबली जात नाही आणि जड चाक हाताने फिरवता येते. मग त्यांनी हँडल लावले. ‘‘अंगठा बोटांच्या बाजूला ठेवायचा, मॅडम. मुठीत घ्यायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर अंगठा जातो.’’ सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने हँडल फिरवायला सुरुवात केली. आधी कण्हत, मग सावकाश, मग चाक स्वतःच्या वजनाने फिरू लागेपर्यंत. पुरेसा वेग आला तशी नातवाने खिट्टी पाडली. एक दणका. मध्ये शांतता. दुसरा दणका. आणि इंजिनाने पकडले.

‘पकडले’ हा त्यांचा शब्द. इंजिन सुरू होत नाही, पकडते. नंतर ते ‘श्वासाला लागते’. चढावर दमते. भार पडला की घुमते. काळा धूर सोडला तर त्याला डिझेल जास्त होते, निळा सोडला तर ते तेल खाते. एक तासाच्या अवधीत मी जी क्रियापदे ऐकली, त्यांतली निम्मी प्राण्यांविषयीची होती आणि उरलेली आजाऱ्याविषयीची.

धुराड्याच्या तोंडावर पत्र्याचा छोटा डबा बसवलेला होता आणि त्यातून तो आवाज निघू लागला: पुक, पुक, पुक. माझ्या वयाच्या आणि खेड्यात वाढलेल्या वाचकांना तो सांगावा लागणार नाही. १९८०च्या दशकात आमच्या गावात हा आवाज आला की गिरणी सुरू झाली असे समजून बायका डबे आणि पाट्या घेऊन निघत. आवाज थांबला की आज दळण नाही. घड्याळ नसलेल्या घरांना त्या आवाजाचा आधार होता. माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत होत्या, पण मी तिला जात्यावर बसलेली पाहिलेले नाही. मी तिला पाहिले आहे ते गिरणीच्या कट्ट्यावर, नंबर येण्याची वाट पाहत इतर बायकांशी बोलताना, या आवाजावर आवाज चढवून. गिरणीने ओवी संपवली हे खरे. पण मनगट मोडणारे पहाटेचे दोन-अडीच तासही तिनेच संपवले. ज्या बायकांनी राईरकर-पॉइटेव्हँ यांना ओव्या सांगितल्या, त्यांच्यापैकी किती जणींना ते तास परत हवे होते, असे विचारून पाहायला हरकत नाही. ओवी हे जात्याचे सौंदर्य आहे, त्याचे समर्थन नाही. आमच्या तासाला हे मी इतक्या स्पष्टपणे म्हटलेले नव्हते, पुढच्या वर्षापासून म्हणणार आहे.

तात्यांच्या संग्रहाचा आत्मा मला विचाराल तर पुढच्या गाड्यांत नाही आणि गिरणीतही नाही. तो शेडच्या मधल्या भागात, ज्याला ते ‘बिननावाचं’ म्हणतात तिथे आहे. कंपनीची पट्टी नाही, क्रमांक नाही, साल नाही. कोणी तरी आपल्या गरजेपोटी, हाताशी असेल त्या सामानातून जोडलेली यंत्रे. जीपच्या गिअरपेटीवर चालणारी लोखंड कापायची करवत. शेंगा फोडायचे हाताचे यंत्र, त्याची चाळण पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोके पाडून केलेली. एक मळणी यंत्र, ज्याच्या तोंडाशी नंतर कोणी तरी लाकडाची लांब परात जोडली आहे. ही परात का जोडली, ते तात्यांनी सांगितले: अशा यंत्रात पेंढी लोटताना हात आत जात. परात लांब असली की हात पात्यांपर्यंत पोचत नाही. केंद्र सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, त्यामागे मळणी यंत्रांवर होणारे अपघात होते. कोणाच्या हातामुळे ही परात आली, ते त्यांना ठाऊक नाही. लाकूड बाभळीचे आहे आणि कड घासून गुळगुळीत केलेली आहे. कायद्याच्या कलमापेक्षा ती कड मला अधिक वेळ पाहावीशी वाटली.

आणि सायकल कोळपी. एकूण अकरा.

ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी: सायकलचे एक चाक पुढे, मागे हँडल, मध्ये कोळप्याची पास. बैल नसलेला किंवा बैल परवडत नसलेला शेतकरी दोन ओळींमधले तण हे ढकलत ढकलत काढतो. बहुतेक वेळा शेतकरीण काढते. महाराष्ट्रभर हे दिसते. पहिले कोणी केले, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तात्यांनी अकरा ठेवली, कारण अकराही वेगळी आहेत. एकात चिमटा उलटा बसवलेला, दुसऱ्यात लहान मुलाच्या सायकलचे चाक, तिसऱ्यात पाशीऐवजी जुन्या पाट्याचा तुकडा. एकाच्या हँडलला चिंध्या गुंडाळल्या आहेत, दुसऱ्याला रबरी मुठी तशाच ठेवल्या आहेत. हँडलची उंची प्रत्येकाची निराळी. तात्यांनी मला त्या हँडलांपाशी एकेक करून उभे केले. तिसऱ्यापाशी माझे कोपर बरोबर काटकोनात आले. ‘‘हे बाईमाणसाचं,’’ ते म्हणाले, ‘‘वेल्डिंग करताना तिला उभं केलं असणार.’’

पाठभेद म्हणजे काय, हे मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. एकच रचना, अनेक कर्ते, प्रत्येकाने आपल्या तोंडाला सोईचे करून घेतलेले रूप, आणि मूळ प्रत शोधू गेल्यास हाती काहीच न लागणे. अकरा कोळप्यांपुढे उभी असताना ते सगळे लोखंडात दिसत होते. ओवी गाणारी बाई आपल्या भावाचे नाव ओवीत घालते. हँडलची उंची ठरवणाऱ्यानेही तेच केले आहे.

तात्यांजवळ एक वही आहे. खरे तर दोन, लांबट, दुकानदाराच्या रोजमेळासारख्या. तीत प्रत्येक वस्तूची नोंद: कोठून आली, वजन, दिलेली रक्कम, काय मोडले होते, काय बसवले, कोणी बनवली, कशासाठी. ‘कोणी बनवली’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी आडवी रेघ आहे. ‘काय बसवले’ या रकान्यात मात्र ते अत्यंत काटेकोर आहेत. स्वतःच्या हाताने घातलेला प्रत्येक बोल्ट लिहिलेला आहे. जुने आणि नवे यांची सरमिसळ होऊ नये म्हणून नवीन भागावर पिवळ्या रंगाचा ठिपका. आपल्याकडच्या कित्येक प्रतिष्ठित संपादित आवृत्त्यांमध्ये संपादकाने कोठे हात घातला हे कळत नाही. इथे पिवळा ठिपका आहे.

वही पाहताना मला दिनकर केळकरांची आठवण येणे स्वाभाविक होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे असे रोजच्या वापरातले सामान आयुष्यभर गोळा केले, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यातले राजा केळकर संग्रहालय आपण सर्वांनी पाहिले आहे. पण अडकित्ता सुंदर असतो. त्यावर मोर असतो, नायिका असते. सायकल कोळप्यावर मोर नाही. शिवाय अडकित्ता काचेच्या कपाटात ठेवला तरी अडकित्ताच राहतो. इंजिन वर्षभर फिरवले नाही तर आतून गंजते, पिस्टन चिकटतो, आणि मग तिथे इंजिनाच्या आकाराचे लोखंड उरते. ते जपायचे तर आठवड्याला कोणी तरी हँडल मारले पाहिजे, आणि अंगठा कोठे ठेवायचा हे त्या माणसाला ठाऊक पाहिजे.

दुसरी आठवण आली ती किर्लोस्करांची. मराठी विभागातल्या कोणालाही ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिके सांगावी लागत नाहीत. त्यांवर प्रबंध आहेत, जुने अंक लोक जपून ठेवतात. त्या सगळ्याची सुरुवात १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने झाली, आणि ती खबर एका नांगराच्या कारखान्याची होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना आधी बेळगावात होता. नगरपालिकेला शहराच्या विस्तारासाठी जागा हवी होती म्हणून त्यांना उठावे लागले, आणि औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असे मानणाऱ्या शेतकऱ्यांना तो नांगर विकायला त्यांना काय यातायात करावी लागली, याच्या कथा प्रसिद्ध आहेत. मासिकाने मराठी गद्याला काय दिले ते आपण शिकवतो. नांगराने काय दिले, त्याच्या रुमण्याचा, फाळाचा, बोल्टचा शब्दसंग्रह मराठीत कसा रुजला, हे कोणी शिकवत नाही. तात्यांकडे तसा एक नांगर आहे. त्याचा फाळ तीनदा बदललेला आहे, तिन्हींची नोंद वहीत आहे.

या सगळ्याचे पुढे काय, हा प्रश्न मी विचारायच्या आधीच समोर उभा राहिला, कारण दुपारी एक गृहस्थ चारचाकीतून आले. नाशिक रस्त्यावर त्यांचे हॉटेल होणार आहे, ग्रामीण थाटाचे, दारात जुना ट्रॅक्टर आणि आत डनलॉप, तिच्यात बसून लोक पिठलं-भाकरी खातील. त्यांनी सांगितलेली रक्कम ऐकून मी थक्क झाले. तात्यांनी चहा दिला आणि नाही म्हटले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे लोक आधी इंजिन काढून विकतात, म्हणजे तेल गळत नाही, मग सांगाड्याला लाल रंग देतात आणि चाके सिमेंटमध्ये रोवतात. भंगारवाला निदान वितळवतो, त्याचे पुन्हा काही तरी होते. सिमेंटमधल्याचे काहीच होत नाही. मला हे बोलणे थोडे एकांगी वाटले. तेवढ्या पैशात शेडची डागडुजी झाली असती, आणि दारातला ट्रॅक्टर पाहून एखाद्या मुलाला काही विचारावेसे वाटले असते. पण ते पैसे मला नाकारायचे नव्हते, त्यांना नाकारायचे होते.

शासनाने घ्यावे, असे आपण सहज म्हणतो. कायदा काय म्हणतो ते पाहावे. जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता देणारे नियम केंद्र सरकारने २०२१ साली आणले. पन्नास वर्षांहून जुने वाहन, व्यक्तिगत हौसेसाठी ठेवलेले, त्याला वेगळ्या मालिकेचा नोंदणी क्रमांक. उत्तम. पण ही व्याख्या दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरती आहे. मालवाहू ट्रक तिच्यात बसत नाही, ट्रॅक्टर बसत नाही, टेम्पो बसत नाही. राजाची रोल्स रॉइस वारसा ठरू शकते, तिच्यासाठी ऊस वाहून नेणारी गाडी ठरू शकत नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात काही दुष्टावा असेल असे मी म्हणत नाही. संग्रह म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर जे आले ते त्यांनी लिहिले. आपल्या वाङ्मयेतिहासकारांनीही पुष्कळ काळ तसेच केले.

बिननावाच्या यंत्रांची गत तर याहून अवघड. २०२१च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे या गावच्या दत्तात्रय लोहार यांनी दुचाकीचे इंजिन आणि भंगारातले भाग जोडून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप आपल्या मुलासाठी बनवली. तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, रस्त्यावरच्या वाहनाचे नियम ती पाळू शकणार नाही हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये लोहार कुटुंबाने बोलेरो घेतली, जीप कंपनीकडे गेली. व्यवहारात कोणाचेच काही चुकले नाही, आणि ती जीप निदान काट्यावर तरी गेली नाही. तात्यांना हा प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह पाठ आहे. त्यांना एकच रुखरुख आहे: गिअर कसा जोडला होता, ते लोहारांकडून कोणी लिहून घेतले का?

तात्यांचा मुलगा चाकणला एका मोटारींच्या कारखान्यात आहे. वेल्डिंग करणाऱ्या यंत्रमानवांची देखभाल करतो. वडिलांच्या संग्रहाविषयी तो आदराने आणि अंतराने बोलतो. कुदळवाडीच्या कारवाईनंतर आजूबाजूच्या जागांचे भाव चढले आहेत, शेडची जागा तीन भावांच्या नावावर आहे, आणि दोघांना ती विकायची आहे. वर्षभराची मुदत तोंडी ठरली आहे. नातू, म्हणजे आमचा विद्यार्थी, हँडल मारायला शिकला आहे. पण तो कला शाखेत का आला असे मी विचारले तेव्हा ‘‘मेकॅनिकलला नंबर लागला नाही’’ असे त्याने सांगितले, तेही उपरोध नसलेल्या आवाजात.

त्या दिवसापासून दर शनिवारी दुसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी तिकडे जातात. वहीची नक्कल चालू आहे. नोंदी जशाच्या तशा, तात्यांचे शुद्धलेखनही तसेच. जोडीला शब्दांची वेगळी यादी: पाना, खिट्टी, पाटा, बूश, रिंगा, झडप, पास. एकाच भागाला ट्रकवाला काय म्हणतो आणि विहिरीवरचा माणूस काय म्हणतो, याचे दोन रकाने केले होते, आता चार झाले आहेत. यंत्रांचे काय करायचे ते आमच्या हातात नाही. एका कृषी महाविद्यालयाला आणि एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला आम्ही पत्रे लिहिली आहेत. दुसरीकडून माणूस येऊन पाहून गेला. त्याला ऑइल इंजिन हवे आहे. कोळप्यांचे काय करायचे ते कळत नाही, असे तो म्हणाला.

वहीच्या शेवटच्या पानावर, नक्कल करताना, एक अर्धवट नोंद सापडली. कुदळवाडीतून शेवटी आणलेली वस्तू, कारवाईच्या आदल्या आठवड्यातली. लोखंडी चौकट, शेजारी शेजारी दोन लाकडी लाटा, वर पत्र्याचे नरसाळे, बाजूला हँडल. वजन ३१ किलो. ‘कोणी बनवली’ याच्यापुढे रेघ, आणि पहिल्यांदाच ‘कशासाठी’ याच्याही पुढे रेघ. विद्यार्थ्यांनी तिचे फोटो काढून आपापल्या गावी दाखवले. राजगुरूनगरकडच्या एका आजोबांनी ती डाळ भरडायची म्हणून सांगितले. मावळातल्या एका बाईंच्या मते ती शेवया किंवा कुरडयांसाठी असणार, कारण लाटांवर रेघा आहेत. तिसरे उत्तर शिरूरहून आले: कापसाची सरकी काढायला, पण आमच्याकडे कापूस फारसा नसतो, असेही त्या माणसाने जोडून दिले. तात्यांनी तिन्ही उत्तरे सांगणाऱ्याच्या गावासह लिहून घेतली आहेत आणि खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.